अख्खी पुरी

"बिचारा गेला," असं दफनाच्या दिवशी मला चौघांनी ऐकवलं आणि चारही वेळा माझं डोकं फिरलं. बिचारा कशाला? अमळनेरच्या कॉलेजजवळ वीस वर्षं पाणीपुरीची गाडी लावणारा, अर्धा जबडा गेल्यावरही त्याच गाडीवर ताठ उभा राहणारा आमचा रफिक बिचारा? दीड महिना झाला त्याला जाऊन. फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होतो. रफिकची बायको, आमची भाभी, एवढंच म्हणाली, "मास्तर, गये वो..." फळ्यावरचं गणित तसंच टाकून मी निघालो.

आम्ही शाळेत एका बाकावरचे. पुढं मी मास्तर झालो, त्यानं गाडी लावली, पण सुपारी-तंबाखूची पुडी दोघांच्याही खिशात एकाच वर्षी आली आणि दोघांनीही ती मोठ्या इमानानं सांभाळली. एका उन्हाळ्यात गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, "रफिकभाई, पाण्याला काही दमच नाही राहिला." झालं होतं असं की, रोज पाणी चाखताना त्याच्या तोंडाची आग व्हायची, म्हणून तो मिरची कमी करायचा. मिरचीवाल्याशी भांडला, मिरची बदलली, आलं सोडलं... शेवटी पाण्याचं नुसतं चिंचगुळाचं सरबत झालं. मग पुऱ्या लहान झाल्या. "पोरींना लहानच आवडते," म्हणे. खरं तर त्याच्याच तोंडात मोठी जात नव्हती. गालात आत एक पांढरा चट्टा होता, पण तो दुखत नव्हता, म्हणून त्यानं कानाडोळा केला. चट्ट्याची जखम झाली तर दात लागला असेल म्हणून हळद लावली. आणि मी, शिकलेला शहाणा, त्याच्या शेजारी उभा राहून पुडी फोडत होतो.

मानेत गाठ लागली तेव्हा कुठं आम्ही धुळ्याला गेलो. डॉक्टरांनी जखमेचा इवलासा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आल्यावर त्यांनी नीट समजावलं. सुपारीनं गालाची आतली मऊ कातडी हळूहळू ताठर होते, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासं होतं. त्यातच कधीतरी काही पेशी ताळतंत्र सोडून वाढत सुटतात, गालातून जबड्यात शिरतात, तिथून मानेतल्या गाठींत. "तोंड बरीच वर्षं सांगत होतं तुम्हाला," ते म्हणाले. रफिक माझ्याकडं वळला. "मास्तर, आग मन्हा तोंडमा व्हती, नि आपन मिरचीले गाया देत राहिनूत!" एवढ्या शिव्या त्या मिरचीला दिल्या होत्या आम्ही... हसावं की रडावं कळेना.

ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा जबडा गेला, मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस घेऊन गाल शिवला. पुढं रेडिएशनचे शेक दिले, त्यात थुंकी आटली, चव गेली. छातीवरच्या कातडीचे केस गालाच्या आत उगवायचे, तर हा पठ्ठ्या सांगायचा, "आता आतूनबी दाढी करावी लागते!" आठ महिन्यांत तो गाडीवर परत उभा राहिला. पाणी चाखायचं काम भाभीनं घेतलं आणि पुऱ्या पुन्हा मोठ्या झाल्या. मी म्हटलं, "अरे, तोंडाला रुमाल तरी बांध." तो भडकला. "काबर बांधू? चोरी करेल शे का मी?"

आणि तेव्हापासून त्याचा नवा उद्योग सुरू झाला. पुरी देताना त्याची नजर गिऱ्हाइकाच्या तोंडावर. कुणी पुरी मोडून खाल्ली की दुसरी मिळायची नाही. "आधी तोंड उघडा. तीन बोटं उभी जातात का बघा." काही जण शिव्या घालून जायचे, काही जण मात्र गुपचूप डॉक्टरकडं जाऊन यायचे.

एके संध्याकाळी मीच पुरी मोडली. "मास्तर, तोंड उघाड." भोवती माझेच जुने विद्यार्थी उभे. दोनच बोटं गेली. पोरं खुदकन हसली आणि माझा असा संताप झाला की विचारू नका! तीन आठवडे मी त्या रस्त्याला फिरकलो नाही. मग एक दिवस मधल्या सुट्टीत रफिक शाळेच्या फाटकात हजर. "आज गाडी बंद शे. चाल, धुळे." एसटीत त्यानं माझ्या खिशातली पुडी काढून स्वतःच्या मुठीत धरली, ती धुळं येईपर्यंत सोडली नाही. माझी तर पाचावर धारण बसली होती. माझ्याही गालात तसाच चट्टा निघाला. तुकडा तपासला, कॅन्सर अजून झाला नव्हता, पण वाटेला लागला होता. चट्टा काढला, सुपारी कायमची सुटली. आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरून रोज एक-एक काडी वाढवत मी तोंड उघडायला शिकलो. आज मी हे लिहितोय ते त्याच्यामुळं, हे छातीठोकपणे सांगतो.

चार वर्षांनी त्याचा आजार फुप्फुसात उठला. शेवटच्या भेटीत त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं फक्त तीन बोटं वर केली. मी तोंड उघडून बोटं घालून दाखवली, तेव्हा त्यानं समाधानानं डोळे मिटले.

चाळिसावा झाल्यावर भाभीनं गाडी पुन्हा लावली. गेल्या आठवड्यात गेलो. टम्म फुगलेली पुरी तिनं माझ्या द्रोणात ठेवली आणि दुसरी हातात धरून माझ्याकडं बघत थांबली. मी अख्खी पुरी तोंडात घातली. पाणी पूर्वीसारखं जहाल होतं... माझे डोळे भरून आले. भाभीचा हात जागीच राहिला. "झोंबलं का?"

"नाही, भाभी. रफिकची आठवण आली."

"बघू."

कॉलेजची पोरं भोवती उभी होती, त्यात माझे दोन जुने विद्यार्थी. मी तोंड उघडलं, तीन बोटं उभी घातली आणि तिचं नीट बघून होईपर्यंत तसाच उभा राहिलो. मग तिनं दुसरी पुरी पाण्यात बुडवली.