मलमाची चपटी ट्यूब

उसाची ट्रॉली पुढून चालली असली की मागच्या सायकलवाल्याचा हात आपोआप मोळीकडं जातो. आमच्याकडं याला कुणी चोरी म्हणत नाही. पण तो हात शाळकरी पोराचा असावा, एकसष्टाव्या वर्षी माझा नसावा, एवढी अक्कल मला हवी होती. वडगाव रासाईहून राहूला घरी परतताना मी एक ऊस धरून ओढला. तो निघाला नाही. ट्रॉली पुढं गेली, सायकल आडवी झाली आणि कोपर, गुडघा, तळहात खडीवर सोलून निघाले.

दुखण्यापेक्षा धास्ती घरची होती. दिवाळीत पडलो तेव्हा बायकोनं निक्षून सांगितलं होतं, की पुन्हा पडलात तर सायकल भंगारात. ती बोलते ते करते, आणि सायकल गेली की मी ओट्यावर बसून माश्या मारणार.

"कुत्रं आडवं आलं," मी दारातूनच सांगून टाकलं.

"कसलं कुत्रं?"

"काळं."

तिनं माझ्या बाहीत अडकलेलं उसाचं पाचट काढलं, निरखून पाहिलं आणि बाजूला ठेवलं. ओरडली नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. नळाखाली धरून तिनं जखमा साबणानं धुतल्या, चिमट्यानं खडीचे कण काढले. मी हळद मागितली तर म्हणाली, "हळद भाजीला. आधी घाण निघू द्या."

एवढं हिला कुणी शिकवलं?

मग औषधाचा डबा आला. मलमाची नवी ट्यूब मीच आणून ठेवली होती. ती पिळून चपटी झालेली. गॉजचे तर दोनच तुकडे उरलेले. घरात आम्ही दोघंच, आणि मी डब्याला हात लावला नव्हता.

हिला शुगर आहे. पायाला साधं खरचटलं तरी अंगावर काढू नका, असं दौंडच्या डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आठवडाभर ही मांडी घालून जेवायला बसली नव्हती. विचारलं की म्हणायची, गुडघे धरलेत.

"पाय दाखव."

"कशाला?"

"दाखव म्हणतो ना!" माझा आवाज चढला. मी फार घाबरलो होतो.

तिनं साडी वर घेतली. गुडघ्यावर नीटनेटकी पट्टी होती. मी ती श्वास रोखून सोडली. पू नव्हता, सूज नव्हती. कडेनं नवी कातडी धरत होती.

"कशानं झालं?"

"कुत्रं आडवं आलं," ती म्हणाली. "काळं."

तेव्हा कुठं मला सायकलची सीट आठवली. हल्ली ती रोज खाली सरकलेली असायची आणि मी शेजारच्या पोरांवर खेकसायचो.

"सायकल शिकतीस?"

"तुम्ही दुपारी झोपला की. पडले तवा दौंडला दवाखान्यात जाऊन आले. समदं नीट हाय म्हणाले."

"एकटी? मला सांगायचं न्हाई?"

"सांगितलं असतं तर सायकल विकली असती तुम्ही."

विकलीच असती. त्याच दिवशी. मी उरलेल्या दोन तुकड्यांतला एक तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि पट्टी बांधली. दुसरा तिनं माझ्या कोपरावर लावला.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी झोपलो नाही. पाना घेतला आणि सीट मीच खाली केली.