पाय घसरला नव्हता

उत्तरेत, बर्फाच्या धारेवर आमची पोस्ट होती. सकाळी ०६०० ला फॉल-इन, म्हणजे हजेरी. तब्येत स्वतःची सांगायची नाही, बडीची सांगायची, अशी तिथली पद्धत. स्वतःबद्दल जवान खोटं बोलेल, जोडीदाराबद्दल बोलणार नाही, हा त्यामागचा विचार. माझा बडी लान्स नायक जनार्दन, उरणच्या खाडीकाठचा, मासेमाराच्या घरातला. मी पनवेलचा.

तीन आठवडे मी बघत होतो. कूस बदलली की तो खाटेचा दांडा घट्ट धरायचा. वर बघायचं टाळायचा. चालताना हात सतत धारेवर बांधलेल्या दोरावर. कान वाजतो, असंही एकदा म्हणाला.

"डॉक्टरला दाखव," मी म्हटलं.

"येडा झालास काय? पुढल्या महिन्यात नायकाची परीक्षा हाय. मेडिकल कॅटेगरी उतरली तर संपला खेल. दर्यावर वाढलेला मानूस मी, मला चक्कर येते सांगू?"

रोज सुभेदार साहेब विचारायचे, "बडी?"

"ठीक है, साब." अक्कल गहाण ठेवली होती मी.

त्या दिवशी १०४० ला गस्तीवर होतो. धारेवर एका ठिकाणी दोर संपतो, पुढची बारा पावलं मोकळी. जनार्दन माझ्या पुढे. हेलिकॉप्टरचा आवाज आला. त्याने मान वर केली, झोकांडी गेली, आणि तो धारेवर नव्हता. ओरडलासुद्धा नाही.

"वन मॅन डाउन. ओव्हर," मी वायरलेसवर म्हटलं.

"कारण? ओव्हर."

"पाय घसरला. ओव्हर."

त्याच्या आईलाही मी हेच सांगितलं.

पुढे बरीच वर्षं गेली. यंदा पनवेलच्या घरात मीच भिंत धरून चालायला लागलो. बायकोने विचारलं, "अहो, किती दिवस चाललंय हे?" "पित्त आहे गं!" मी खेकसलो. मीही जनार्दनसारखाच लपवत होतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय जुळवून डोळे मिटायला लावले. मी कलंडलो. कानाच्या आतला दोष आहे, म्हणाले, व्यायामाने आटोक्यात येईल. एवढंच! मला स्वतःचा भयंकर राग आला.

त्याच आठवड्यात उरणला गेलो. जनार्दनची आई अंगणात सुकट निवडत होती.

"मावशी, त्याचा पाय घसरला नव्हता. त्याला चक्कर यायची. मला माहीत होतं. मी रोज ठीक आहे म्हणून सांगायचो."

तिचे हात थांबले.

"बारा वर्सं त्याच्या बुटांना शिव्या घातल्या मी," ती म्हणाली. "आता तुला घालू काय?"

"घाल, मावशी."

तिने घातल्या नाहीत. सूप पुढे ओढलं आणि पुन्हा सुकट निवडायला लागली.