मामांची सळई

मराठवाड्यात माझ्या मोठ्या मामांची सळई शिरलेली नाही अशी जमीन आता फक्त डांबराखालीच उरली असेल. एका टोकाला आडवी मूठ, दुसऱ्या टोकाला अणी. लग्नात मांडवाच्या खांबाशेजारी, कन्नडच्या बसथांब्यामागे, कुणाच्या दहाव्याला नदीकाठी, मामा ती मातीत रोवून अंगाचा भार टाकत. वीतभर जाऊन अडली की चेहरा उजळायचा. “खाली घट्ट थर हाय. पाणी मुरंल कसं?” उपाय एकच, त्यांचा सबसॉयलर: माती न उलटवता एका लांब फाळाने खालचा थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला. माझ्या प्रत्येक पत्रकात काहीतरी उलथवून टाकलेलं असे. मामा वाचून परत देत. “उलथू नको रे भाच्या. वरचं चांगलं खाली जातं. खालून सैल कर.” त्यांना तडजोडवादी ठरवून मी अबोला धरला. तो मामीने धिरडी टाकेपर्यंत टिकला.

मुलगी पाहण्याच्या प्रथेविरुद्धही मी जळजळीत पत्रक लिहिलं होतं. लासूर स्टेशनजवळच्या गावी मामांसोबत मुलगी पाहायला गेलो, तेव्हा ते माझ्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात होतं. ती समोर आली आणि मला त्यातला एकही मुद्दा आठवेना. हे स्थळ हुकू नये, एवढंच वाटत होतं. तेवढ्यात अंगणापलीकडच्या शेतातून मामांची हाक आली.

“पाव्हणं, पोरगी चांगलीय, पण रान लई दडपलंय तुमचं!”

मुलीचे वडील कपबशी आपटून उठले. “पोरगी बघाया आलात का रान?”

मी प्रथेला, सरंजामशाहीला आणि मामांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मुलगी मात्र रानात गेली, मामांच्या हातून सळई घेऊन तिने भार टाकला. अडली. “आबा, खरं हाय. म्हणूनच सगळं पाणी नाल्याला जातं.” मग मामांना म्हणाली, “अवजार कधी आणता?”

“उद्याच. रान कोरडं हाय तवरच थर तडकतो.”

आबांनी माझ्याकडे बोट केलं. “अन् ह्ये काय करतात?”

“पत्रकं लिवतो,” मामा म्हणाले, “पण मूळ माती बरी हाय.”

तेवढ्यावर लग्न जमलं.

आता मामा थकलेत. घरच्या अंगणात सळई बोटभरही जात नाही, म्हणून ती भिंतीला टेकून असते. उन्हाळ्यात आम्ही त्यांना लासूरला आबांच्या रानात नेतो. सबसॉयलर नुकताच जिथून गेला ती रेघ बायको नजरेने शोधते आणि मामांना नेमकं तिच्यावर उभं करते. सळई सरसर आत जाते.

“बघितलंस? हाताला अजून जोर हाय!” मामा धापा टाकत म्हणतात.

बायको माझ्याकडे बघते. सत्यासाठी एवढी पत्रकं काढलेला मी म्हणतो, “हाय की, मामा.”