मोकळा उभा होता तो

काल चपलेला एरंडेल चोळलं आणि त्या वासासरशी साठ सालच्या सुमाराची अकोल्याची मॅच आठवली. आमचा चामडी फुटबॉलही याच तेलानं मऊ व्हायचा. आमच्या अमरावतीच्या टीममधल्या एकावर जिनिंग फॅक्टरीला आग लावल्याचा खटला होता, आणि तो जामिनावर सुटून आला होता. कॅप्टन म्हणाला, “कोर्ट ठरवीन ना, आपण काहून ठरवाव? तो खेळन.” आम्ही माना डोलावल्या. पण मैदानात तो मोकळा उभा असूनही त्याला कोणी चेंडूच देईना. तसं काही ठरलं नव्हतं. “दे ना बे इकडे!” तो माझ्यावर ओरडला, आणि मी चेंडू सरळ बाहेर मारला. मध्यंतराला बूट सोडत त्यानं मला विचारलं, “मंग मले आणलं काहून?” पुढे तो निर्दोष सुटला. मी तेव्हा त्याला गुन्हेगार समजत होतो का, हे मला अजून सांगता येत नाही. चेंडू बाहेर मारणारा पाय मात्र माझाच होता.