जबड्याचा हात

अकोल्याहून अमरावतीला दातांचं शिकायला आले, तेव्हा माझा पहिला पेशंट प्लास्टिकचा होता. एका खऱ्या माणसाच्या स्कॅनवरून प्रिंटरनं थरावर थर चढवून छापलेला जबडा. दाढेतली कीडसुद्धा छापलेली, तपकिरी आणि मऊ. तो बिचारा थुंकायचा नाही, ओरडायचा नाही. मला फार आवडायचा.

आमच्या मॅडमना मात्र त्याचं हे मुकं राहणं पसंत नव्हतं. परीक्षेला त्या जबड्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि त्याला आपला हात उसना द्यायच्या. आपण आधी जबड्याला सांगायचं, "मावशी, दुखलं तर हात वर करा." मॅडमचा हात वर गेला की ड्रिल थांबवायचं. यात पास झाल्याशिवाय खरा पेशंट मिळणार नव्हता, आणि मला तर तो कधी एकदा मिळतो असं झालं होतं.

माझ्या परीक्षेत कीड जवळजवळ निघाली होती. हात वर गेलेला मी पाहिला. म्हटलं, एवढंसंच राहिलंय, उरकून घेऊ. उरकलं. दाढ अशी सुबक कोरली की माझी मीच खूश.

"नापास," मॅडम म्हणाल्या.

"पण मॅडम, कीड तर पूर्ण निघाली!"

"अन् मंग मी हात काहून वर केल्ता? हवा खायले?"

असा राग आला म्हणता! प्लास्टिकला कसलं आलंय दुखणं, हे चार दिवस भेटेल त्याला ऐकवत फिरले. पाचव्या दिवशी पुन्हा परीक्षा दिली, हात दिसताच निमूट थांबले आणि पास झाले.

पहिली खरी पेशंट मिळाली ती मोर्शीची, संत्री विकणारी मावशी. मागे एका दवाखान्यातून आपण अर्ध्यातच उठून पळालो, हे तिनं आल्याआल्याच सांगून टाकलं. खुर्चीचे हत्थे दोन्ही हातांनी घट्ट धरलेले. इथूनही उठून गेली तर काय, या विचारानं मी ड्रिल उचलायच्या आधीच म्हटलं,

"मावशी, दुखलं तर हात वर करा. मी थांबते."

ड्रिल दाढेला लागतं न लागतं तोच हात वर. मी झटकन ड्रिल बाहेर काढलं.

"लय दुखलं का, मावशी?"

"नाई वं बाई, दुखलं नाई. तू खरंच थांबते का, थे पाहून राहिली होती."

मग तिनं हत्थे सोडले, हात पोटावर ठेवले आणि आपणहून मोठा आ केला.