ड्रायव्हरचे दोन शर्ट

“म्हणजे मी खोटं बोलायचं, असंच ना? मग सरळ तसं सांगा की. एवढी लांबलचक प्रार्थना कशाला केलीत आधी?”

“खोटं कुठं म्हणतोय मी, मावशी? नीट दिसलं नाही, एवढंच सांग.”

“दहा पावलांवर उभी होते मी. दिसलं नाही म्हणायला डोळे काय हौदात पडले होते माझे?”

वडील खुर्चीत सरकून बसले. हे वडील वयानं नव्हेत, हुद्द्यानं. चर्चच्या मंडळीत ज्यांच्या हाती कारभार असतो त्यांना वडील म्हणायची रीत. वयानं ते मावशीहून चार वर्षांनी लहानच. पण मावशीला मावशी म्हणायला वयाची अट नव्हती. इस्पितळाच्या धुलाईत ती वीस वर्षं कामाला होती आणि टक्कल पडलेले डॉक्टरसुद्धा तिला मावशीच म्हणत.

सहा महिन्यांमागची गोष्ट. मावशीचा नवरा त्याच इस्पितळात मळक्या कपड्यांची ढकलगाडी चालवायचा. धुलाईच्या दारात तो गाडी रिकामी करत होता, तेवढ्यात सामानाचा टेम्पो मागं आला आणि त्यानं नवऱ्याला भिंतीशी चेपला. मावशी हौदाजवळ चादरी भिजवत होती. तिनं स्वच्छ पाहिलं. ड्रायव्हरची मान खाली, हातात मोबाईल, आणि मोबाईलमध्ये बघून गडी हसत होता. मावशी ओरडली, त्यानं मान वर केली, तोवर उजवा पाय कामातून गेला होता. गुडघ्याखाली कापावा लागला. तिसऱ्या दिवशी मावशी कामावर आली तर त्या ऑपरेशनच्या चादरी तिच्यासाठीच राखून ठेवल्यासारख्या पडलेल्या. गार पाण्यात भिजवल्या तिनं. गरम पाण्यानं रक्ताचा डाग बसतो, म्हणून.

हा ड्रायव्हर वडिलांचा सख्खा भाचा. तीस वर्षांचा बाप्या, आई-बाप नाहीत, लग्न नाही. ब्रेक लागले नाहीत, असं पोलिसांना सांगून मोकळा झाला. पण आधीही एकाला ठोकून पळाला होता, त्यामुळं जामीन मिळेना. आणि आता खटला उभा राहिला होता, मावशीची साक्ष उद्यावर आली होती.

“प्रभूनं खिळे ठोकणाऱ्यांनासुद्धा क्षमा केली,” वडील म्हणाले. “तुला एका पोराला क्षमा करवत नाही?”

“केली की.”

“केलीस? मग कोर्टात कशाला जातेस?”

“बोलावलंय म्हणून. विचारतील ते सांगायला.”

“ही कसली क्षमा गं?”

“मला येते तशी. तुम्हाला जास्त चांगली येत असेल तर करून दाखवा.”

पलीकडच्या खाटेवर नवरा भिंतीकडं तोंड करून पडला होता. तो फिस्सकन हसला. मावशीच्या बाजूनं हसला असं कुणी समजू नये. तो दोघांनाही हसला.

खरं सांगायचं तर मावशीनं आधी तोंडानं क्षमा करून बघितली होती. रोज गुडघे टेकून म्हणायची, केली, केली, केली. उठली की छातीत निखारा तसाच. दोन महिने असेच गेले. मग एका मंगळवारी तिच्या डोक्यात आलं, की बाई, तुला येतं काय? धुणं. मग तेच कर. ती तुरुंगात गेली, ड्रायव्हरचे घामानं कडक झालेले दोन शर्ट मागून आणले, धुतले, इस्त्री केले, पुढच्या मंगळवारी नेऊन दिले आणि मळलेले मागून आणले. तेव्हापासून एक मंगळवार चुकला नाही. निखारा काही विझला नाही, पण शर्ट स्वच्छ निघत होते.

नवऱ्याला कळलं तेव्हा त्यानं ताट भिरकावलं होतं. “माझा पाय खाल्ला त्यानं, आणि तू त्याचे कपडे धुतेस? उद्या चड्ड्याही धुशील!” त्यानंतर तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. पाणी दे, काठी दे, दिवा घालव.

वडील उठता उठता म्हणाले, “तू तिकडं जातेस हे कळलं, म्हणूनच आशा वाटली होती गं.”

“तो दर वेळी विचारतो, मामा आले नाहीत का म्हणून.”

“हुद्दा असतो, मावशी. लोक काय म्हणतील?” वडिलांनी घड्याळ बघितलं आणि चपला शोधायला लागले.

दुसऱ्या दिवशी मावशीनं साक्ष दिली. मान खाली होती, मोबाईल होता, हसत होता. ड्रायव्हरचा वकील चांगला मुरलेला.

“बाई, याचे कपडे तुम्हीच धुता ना?”

“हो.”

“म्हणजे तुमच्या मते हा निर्दोष आहे.”

“निर्दोष असता तर मी कशाला धुतले असते? घरची माणसं नसती का आली?”

कोर्टात खसखस पिकली. मागच्या बाकावर बसलेले वडील तेवढे हसले नाहीत.

रविवारी त्यांनीच प्रार्थना चालवली. दगडाच्या काळजाच्या माणसांसाठी चांगली पंधरा मिनिटं. डोळे मिटलेले असूनही सगळ्या मंडळीचं तोंड मावशीच्या बाकाकडं वळलंय असं वाटत होतं. शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवून शांती द्यायची वेळ आली. शेजारची शिंपीण, जिच्या बाळंतपणात मावशीनं महिनाभर दुपटी धुतली होती, ती एकाएकी पिशवीत रुमाल शोधायला लागली. भलताच खोल गेला होता तो रुमाल. मावशीनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि पदराला पुसला.

मंगळवारी सकाळी ती तुरुंगात गेली. जाळीपलीकडं ड्रायव्हर आला.

“मामा?”

“नाही आले.”

जाळीखालच्या फटीतून तिनं शर्ट सरकवले. त्यानं ते उचलले, तिच्याकडं बघितलं आणि फरशीवर आपटले. वर थुंकला.

“वकील म्हणतो दोन वर्षं नक्की! तुझ्या एका जिभेनं! आणि वर इस्त्री करून आणतेस? लाज नाही वाटत?”

“तू हसत होतास,” मावशी म्हणाली. “ते मी सांगणारच होते. इथं ये म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी आले. मळके दे.”

“नाही देत.”

ती बाकावर बसून राहिली. पहारेकरी गंमत बघत होता. वेळ संपल्याची घंटा झाली तसा ड्रायव्हरनं अंगातला शर्ट काढला, खाली पडलेल्यांत गुंडाळला आणि बोळा फटीतून ढकलला. त्याचं मन वितळलं वगैरे काही नव्हतं. थुंकी लागलेलं अंगात घालायला नको होतं आणि धुणारं दुसरं कुणी नव्हतं. उघड्या अंगानं तो आत गेला. मागं बघितलंसुद्धा नाही.

मावशी दुपारच्या पाळीला पोचली तर मुकादम दारातच उभा.

“कुठं होतीस गं? उशांच्या खोळी संपल्यात, वरून तीनदा माणूस येऊन गेला!”

“आले ना आता. ओरडू नकोस.”

बोळा तिनं खुंटीला टांगला, पदर खोचला आणि खोळींचा पहिला गठ्ठा सोडला.