कुणाच्या घरचा रोट?

कानबाईचा रोट परक्याला देत नाहीत. आमच्या खानदेशात हे लेकरांनाही पाठ असतं. श्रावणात देवी बसते, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू काढून दळतात, त्याचे जाड रोट भाजतात आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे. शेजाऱ्यांना नाही, पाहुण्यांना नाही, लग्न करून दिलेल्या लेकीला तर नाहीच. तिला पुरणपोळी वाढा, साडी नेसवा, पण रोट नाही. लहानपणी मी आत्याला खिजवायचे, ‘तुले नहीं, तुले नहीं!’ आत्या हसायची आणि मला ते खरंच वाटायचं.

गेल्या श्रावणात मी जळगावहून भडगावला माहेरी गेले. फारकत होऊन आठ महिने झाले होते. धुळ्याला सासरी सहा वर्षं काढली. तिथे शेवटपर्यंत मी ‘भडगावकडची’च होते, भाजीत मीठ जास्त पडलं तरी दोष माझ्या गावाचा. आता जळगावात एका डाळमिलच्या ऑफिसात काम करते, दोन खोल्यांत एकटी राहते. घरमालकीण बाई चांगली आहे, पण माझ्याकडे कोण आलं, कोण गेलं, हे माझ्याआधी तिला ठाऊक असतं. चार खेटे घालून आधार कार्डावर वडिलांचं आडनाव परत लावून घेतलं. वाटलं, झालं काम.

घरात आल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. ओट्याशी गेले तर आई म्हणे, तू बस. बसले तर पंख्याखाली जीव गुदमरायचा. सगळे आरतीला जमले तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं. टोपलीवरचं फडकं उचललं, रोटाचा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. सवयीने हात गेला, असं मी नंतर सांगितलं. खोटं कशाला बोलू, थोडं बघायचंही होतं काय होतं ते.

काकू नेमकी तेव्हाच आत आली.

“अवं माय! आते बठ्ठा रोटनं काय करानं?” परक्याचा हात लागला, आता या सगळ्या रोटांचं करायचं काय, हा तिचा प्रश्न.

आरती आटोपून सगळे स्वयंपाकघराच्या दारात जमले. भाऊ मोबाइलमध्ये बघत राहिला. आईने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. वहिनी हातात ताटं घेऊन उभी होती. ती तीन वर्षांपूर्वी शिरपूरहून या घरात आली आणि रोट हक्काने खाते. मी इथेच जन्मले. तिचा काही गुन्हा नव्हता, तरी मला राग तिचाच आला.

आबा म्हणजे माझे मोठे काका. घरात शेवटचा शब्द त्यांचा. मी त्यांनाच विचारलं, “आबा, मी या घरनी शे का नहीं, एकदाव सांगी टाका.”

आबांनी बराच वेळ टोपीवरून हात फिरवला. माणूस वाईट नाही. मला सायकलच्या दांड्यावर बसवून त्यांनीच शाळेत पोचवलं होतं.

“खाऊ द्या तिले,” ते म्हणाले. “तिले आते दुसरं कोनतं घर शे?”

सगळ्यांना हायसं वाटलं. काकूही निवळली. आईने लगेच ताट घेतलं, अर्धा रोट ठेवला, वर तूप सोडलं. मला हवं होतं ‘ही आपलीच आहे’ एवढंच. मिळाली ती कीव, तीही तुपासकट. उठावं, बसस्टँड गाठावं, असं मनात आलं. पण गेले असते तर काकूचंच खरं झालं असतं. मी मांडी घालून बसले.

वहिनी शेजारी येऊन टेकली. हळूच म्हणाली, “ताई, पहिल्या वर्षी माझ्यापण घशाखाली उतरत नव्हता.” मी तिच्याकडे पाहिलं नाही. त्याचं आज वाईट वाटतं.

मी मान खाली घालून भराभर खाल्लं, कुणी ताट ओढून घेईल अशी भीती असल्यासारखं. ताट रिकामं झालं तशी आई टोपली घेऊन वाकली.

“आखो थोडा ले ना.”

आणि मी, माझ्या आईच्या स्वयंपाकघरात, पाहुणीसारखी म्हणाले, “नको, पोट भरलं.”

भरलं नव्हतं.